‘एलियन ३’ पुन्हा पाहताना: त्या हिरवट कडेचा दोष कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘एलियन ३’ पूर्वी पाहिला तेव्हा अजिबात आवडला नव्हता. आता जो तो म्हणतो की पुन्हा पाहा, आणि पाहायचाच तर लांबडा कट, म्हणजे लांब आवृत्ती, पाहा. पण तो स्वस्तातला सीजीआय, म्हणजे संगणकावर बनवलेला, प्राणी सहन करत अडीच तास घालवण्यात काही अर्थ आहे का?

आहे. मी सिनेमांसाठी प्रोस्थेटिक मेकअप (अंगावर चढवायचे रबरी अवयव) आणि क्रीचरचं, म्हणजे बनावट प्राण्यांचं, काम करतो, मुंबईत, बरीच वर्षं. त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा. सिनेमा चांगला की वाईट हा वाद नंतर घालू, आधी प्रश्नात जे गृहीत धरलंय ते खोडतो. बोगद्यांतून धावणारा तो प्राणी सीजीआय नाही. ती हातानं घडवलेली, दांड्यांवर चालणारी बाहुली आहे. साधारण ४० इंच लांब. शॉट किती अवघड आहे त्यावर चार ते सहा माणसं मिळून तिला हलवत होती. ती खोटी दिसते, हे मात्र मान्य. पण खोटेपणा बाहुलीत नाही. बाहुली आणि तिच्यामागचं चित्र जिथे एकमेकांना जोडलंय, तिथे आहे. शिव्या मात्र तेव्हापासून आजवर बाहुलीच खातेय.

मालिका ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पहिला ‘एलियन’ १९७९चा, रिडली स्कॉटचा: एक जहाज, सात माणसं, एक प्राणी. दुसरा १९८६चा, जेम्स कॅमेरॉनचा: बंदूकधारी सैनिक, असंख्य प्राणी आणि स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात बनलेली त्या प्राण्यांची अवाढव्य राणी. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर दोघांनाही मिळालं. दुसऱ्याच्या शेवटी नायिका रिप्ली (सिगर्नी वीव्हर), न्यूट नावाची लहान मुलगी, हिक्स नावाचा सैनिक आणि बिशप हा अर्धा तुटलेला अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, एवढे जिवंत उरतात. २२ मे १९९२ला अमेरिकेत लागलेला तिसरा भाग सुरू होतो आणि नामावली संपायच्या आत न्यूट आणि हिक्स मेलेले असतात. रिप्ली एकटी फिओरिना १६१ नावाच्या ग्रहावर कोसळते. तिथे शिशाची भट्टी आणि तिच्याभोवती जन्मठेपेच्या कैद्यांची वसाहत. उवांमुळे सगळ्यांचं मुंडण झालेलं. हत्यार एकही नाही. कैद्यांपैकी बरेच जण देवाधर्माला लागलेले.

प्रेक्षक चिडले ते इथेच, आणि त्यांचा राग रास्त आहे. आधीचा अख्खा सिनेमा ज्या पोरीला वाचवण्यात गेला, तिचं शवविच्छेदन तिसऱ्याच्या पहिल्या अर्ध्या तासात बघायला लावायचं म्हणजे प्रेक्षकाच्या थोबाडीत मारण्यासारखंच झालं. मला स्वतःला तो निर्णय धाडसी वाटतो. पण धाडस निभवायला पुढची पटकथा तेवढी भक्कम लागते आणि ती इथे नव्हती. कशी असणार? विल्यम गिब्सन, एरिक रेड, डेव्हिड टूही असे एकापाठोपाठ एक लेखक येऊन गेले. रेनी हार्लिन दिग्दर्शक म्हणून आला आणि सोडून गेला. मग न्यूझीलंडचा व्हिन्सेंट वॉर्ड आला. त्याच्या डोक्यात लाकडी ग्रह होता, त्यावर मठ आणि मठात संन्यासी. त्या कल्पनेचे सेट बांधायला घेतले आणि वॉर्डही गेला. संन्याशांचे कैदी झाले, मठाचा तुरुंग झाला, पण धर्म तेवढा मागे राहिला. पाइनवूड स्टुडिओत जानेवारी १९९१मध्ये शूटिंग सुरू झालं तेव्हा पटकथा पूर्ण नव्हती. दिग्दर्शकाच्या खुर्चीत होता डेव्हिड फिंचर, वय तिशीच्या आत, नावावर म्युझिक व्हिडिओ आणि जाहिराती, हा पहिलाच चित्रपट. स्टुडिओनं तर १९९१मध्ये टीझर काढून प्राणी पृथ्वीवर येणार असं सुचवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात सिनेमात पृथ्वी औषधालाही नाही.

पुढे फिंचरनं जाहीरपणे सांगितलं की या सिनेमाचा माझ्याइतका द्वेष कुणीच करत नाही. बापच असं म्हणतोय म्हटल्यावर लोकांना रान मोकळंच मिळालं.

पटकथेचे दोष मी झाकत नाही. सगळे टकले, सगळे एकाच रंगाच्या कपड्यात, त्यातले बरेचसे ब्रिटिश; दुसऱ्या अर्ध्यात कोण मेलं हे कळायलाच दोन शॉट जातात. शेवटचा पाठलाग बोगद्यांच्या ज्या जाळ्यात होतो त्याचा नकाशा प्रेक्षकाच्या डोक्यात कधी तयारच होत नाही, म्हणून “दार लाव, दार लाव” या ओरडण्याला धार येत नाही. कॅमेरा प्राण्याच्या नजरेनं छतावरून उलटा पळतो ते शॉट सुंदर आहेत, पण त्यांनी गोंधळ आणखी वाढतो. चार्ल्स डान्सनं केलेला डॉक्टर क्लेमेन्स हे सिनेमातलं सगळ्यांत माणूसपण असलेलं पात्र, त्याला मध्यावर मारून टाकल्यावर रिप्लीशी बोलायला धड कुणी उरत नाही. चार्ल्स डटनचा डिलन भाषणं उत्तम देतो, पण ती भाषणं.

आता माझ्या धंद्याकडे येतो.

प्राण्याचा मूळ आराखडा स्विस चित्रकार एच. आर. गीगरचा. १९९०मध्ये फिंचरनं त्यालाच पुन्हा विचारलं आणि या वेळी चार पायांवर पळणारा प्राणी मागितला. गीगरनं तो बिबट्यासारखा लवचिक केला, पाठीवरच्या त्या नळ्या काढून टाकल्या. दुसरीकडे प्रत्यक्ष बांधणीचं काम ॲलेक गिलिस आणि टॉम वुडरफ या जोडीकडे होतं. दोघंही विन्स्टनच्या कारखान्यात तयार झालेले, दुसऱ्या ‘एलियन’वर काम केलेले, नंतर स्वतःची ॲमलगमेटेड डायनॅमिक्स ही कंपनी काढलेले. पडद्यावर दिसतो तो प्राणी बराचसा त्यांच्या हातचा. सूट घालून आत शिरायचं कामही वुडरफच करायचा. म्हणजे जो बनवतो तोच घालतो. आमच्याकडे हे सहसा होत नाही आणि त्याचे परिणाम कलाकाराच्या मानेवर दिसतात.

अडचण अशी की चौपाया प्राण्यात माणूस घालता येत नाही. गुडघे उलट्या दिशेला वळतात, हात पायांपेक्षा आखूड पडतात, माणूस चार पायांवर आला की ढुंगण वर जातं आणि भीतीचं हसू होतं. सूट जवळच्या शॉटला चालतो: खांदा, मान, हात, झडप. पूर्ण प्राणी पळताना दाखवायचा तर दुसरं काहीतरी हवं. त्यांनी चक्क व्हिपेट जातीच्या सडपातळ कुत्र्याला प्राण्याचा पोशाख घालून पळवून पाहिलं. त्या चाचणीचं चित्रण उपलब्ध आहे, मिळालं तर जरूर बघा. कुत्रं बिचारं मनापासून पळतंय आणि ते दिसतंय मात्र नाटकाच्या कपड्यातल्या कुत्र्यासारखंच. ती कल्पना तिथेच संपली.

मग आली दांड्यांची बाहुली. रिचर्ड एडलंडच्या बॉस फिल्म स्टुडिओज या इफेक्ट्सच्या कंपनीत लेन लिस्का नावाच्या माणसानं बाहुली चालवणाऱ्यांची टोळी बांधली. प्राण्याच्या एक तृतीयांश मापाची बाहुली, अंगाला जागोजागी दांड्या, मागे निळा पडदा. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ही स्टॉप मोशन नव्हती. एकेक फ्रेम थांबून, हलवून, टिपून असं काम नव्हतं. माणसं बाहुली प्रत्यक्ष वेगात पळवत होती आणि त्याच वेळी समोरचा मोशन कंट्रोल कॅमेराही फिरत होता. बाहुलीचा शॉट आणि सेटवरचा शॉट जुळवायचे तर कॅमेऱ्याची चाल दोन्हीकडे एक लागते, म्हणून हा यंत्रावरचा कॅमेरा. एकाच्या हातात पुढचे पाय, दुसऱ्याच्या हातात मागचे, एकाकडे डोकं, एकाकडे शेपूट, आणि सगळ्यांनी एकाच क्षणी एकाच प्राण्याचा विचार करायचा. हे किती अवघड आहे ते केल्याशिवाय कळत नाही. मी साध्या केबलवर चालणारं डोकं तिघांनी मिळून चालवताना पाहिलंय: जबडा उघडणारा अर्धा सेकंद उशिरा आला तरी प्राणी बावळट दिसतो.

आणि चाल बघा, खरंच बघा. मान आधी वळते, मग छाती, मग मागचा भाग घसरत येतो. छताला चिकटून पळताना पंजे आळीपाळीनं पडतात आणि शेपूट तोल सांभाळते. आवाज बंद करून हे शॉट पाहिले तर त्या हालचालीत प्राणी आहे, हे लगेच समजतं. कुठे कमी पडतं तर वजनात. दांड्यांनी तोललेल्या बाहुलीच्या पायावर तिचा स्वतःचा भार कधी येतच नाही, म्हणून पाऊल टेकल्यावर जी बारीकशी दबक यायला हवी ती नसते. लहान मापाची वस्तू जड वाटावी म्हणून आपण एरवी जास्त फ्रेमवर शूट करतो, मग ती संथ आणि भारी दिसते. इथे प्राणी चपळ हवा होता, त्यामुळे तो मार्ग बंद. तरीही माझ्या मते एवढ्यानं प्रेक्षक बिचकला नसता.

प्रेक्षक बिचकतो तो कडेमुळे. त्या काळी जोडकाम ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचं चित्र दुसऱ्या फिल्मवर छापणाऱ्या यंत्रावर, व्हायचं. निळ्या पडद्यासमोरची फिल्म घ्यायची, तिच्यातून निळा वेगळा काढून प्राण्याच्या आकाराचा काळा-पांढरा साचा फिल्मवरच तयार करायचा, त्याचा उलटा साचा करायचा. मग मागच्या चित्रात प्राण्याच्या आकाराचं भोक पाडायचं आणि त्या भोकात प्राणी छापायचा. प्रत्येक पायरीला फिल्म पुन्हा एकदा प्रत होते, दाणा जाड होतो, काळा रंग कधी राखाडी होतो तर कधी डांबर. साचा केसभर जरी सरकला तरी कड दिसते, लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचे रंग छपाईत सरकून त्याला दोन सोंडा दिसतात तशी. त्यात दांड्या फ्रेमगणिक हातानं झाकायच्या, ते वेगळंच.

आता या पद्धतीसाठी जगातली सगळ्यांत वाईट वस्तू कुठली? गडद, गुळगुळीत आणि ओली. चकचकीत पृष्ठभाग आरसा असतो, निळ्या पडद्यासमोर उभा केला की तो निळाच होतो. साचा काढताना तो निळा भाग पार्श्वभूमी समजून खाल्ला जातो, किंवा तो वाचवायला गेलं की प्राण्याच्या अंगावर परका रंग राहतो. ‘एलियन ३’चे सेट सगळे गंजलेले, तांबूस, भट्टीच्या उजेडातले. त्यात बाहुली येते हिरवट झाक घेऊन. डोळ्याला खटकायला एवढं पुरेसं असतं, मेंदूला कारण कळावं लागत नाही. काही शॉटमध्ये प्राण्याची सावली संगणकावर करून टाकली होती, कारण सावलीशिवाय तो जमिनीवर टेकतच नव्हता. सिनेमात संगणकाचं काम होतं ते एवढंच, म्हणजे अशा काही सावल्या, बाहेरच्या दृश्यांत हवेत उडणारा कचरा आणि शेवटी वितळलेल्या शिशानंतर अंगावर थंड पाणी पडून कवटीला तडे जातात तो शॉट. त्या तड्यांबद्दल कुणी तक्रार केलेली मी ऐकलेली नाही.

काळाचा हिशोबही लक्षात घ्या. ‘एलियन ३’ १९९२चा. १९९३मध्ये ‘ज्युरासिक पार्क’चे डायनोसॉर आले, त्यांतही विन्स्टनच्या यांत्रिक बाहुल्या भरपूर होत्या, पण जोडकाम संगणकावर गेलं होतं. ‘एलियन ३’ ऑप्टिकल जमान्याच्या अगदी शेवटच्या गाडीत बसला. हीच बाहुली, हेच हात, आणि जोड चार वर्षांनी केली असती तर आज आपण वेगळं बोलत असतो. गंमत म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्सच्या ऑस्करसाठी सिनेमाला नामांकन होतं. तेव्हाच्या लोकांना काम दिसलं होतं.

हे मला इतकं लागण्याचं कारण आमच्या सेटवर रोज भेटतं. मॉडेल आम्ही बनवतो, रंगवतो, ओलं करतो, सेटवर त्याच्यावर प्रकाश कसा पडतो ते पाहून पुन्हा रंगवतो. मग कुणीतरी म्हणतं, “प्लेट वेगळी घेऊ, हे क्रोमावर घेऊ, पोस्टमध्ये बघू.” प्लेट म्हणजे मागचं चित्र आणि क्रोमा म्हणजे एकरंगी पडदा. क्रोमावर घेताना मूळ सेटवरचे लाइट कुठे होते याचा कागद कुणाकडेच नसतो. मग प्राणी एका खोलीत, माणूस दुसऱ्या खोलीत, आणि पडद्यावर दोघं भांडतायत. पाहणारा म्हणतो, रबराचं वाटतं. रबराचंच आहे हो, पण रबर तर जवळच्या शॉटमध्येही होतं, तिथे का नाही वाटलं?

याच सिनेमात त्याचं उत्तर आहे. दवाखान्यातलं दृश्य लावून बघा. क्लेमेन्स रिप्लीला आपली कहाणी सांगतोय: मॉर्फिनचं व्यसन, औषधाची मात्रा चुकली, माणसं दगावली, शिक्षा भोगली आणि कैदी इथेच राहिले म्हणून तोही राहिला. तो तिला इंजेक्शन देतो. मागच्या प्लास्टिकच्या पडद्यावर एक आकार उतरतो. पडद्याआडून क्लेमेन्स उचलला जातो आणि मग प्राणी रिप्लीकडे येतो. ती भिंतीला चिकटून, मान वळवून, डोळे मिटून. प्राण्याचं डोकं तिच्या गालापासून वीतभर अंतरावर. ओठ मागे सरकतो, थरथरतो, लाळेची तार ताणली जाते, तोंडाच्या आतला दुसरा जबडा हळूच बाहेर येतो आणि थांबतो. त्या फ्रेमचं पोस्टर जगभर लागलं. हे डोकं मोटरा आणि केबलींवर चालणारं यांत्रिक डोकं. तिथे निळा पडदा नाही, जोड नाही. सिगर्नी वीव्हरच्या मुंडण केलेल्या डोक्यावर जो दिवा पडलाय तोच प्राण्याच्या कवटीवर पडलाय, दोन घुमट शेजारी शेजारी. तिच्या श्वासाची लय आणि त्याच्या ओठाची थरथर एकमेकांना उत्तर देतात, कारण डोकं चालवणारी माणसं काही फुटांवर बसून तिच्याकडे बघत होती. प्राणी नंतर संगणकावर टाकायचा म्हणून त्याच्या जागी टांगलेल्या टेनिस बॉलकडे बघून असा अभिनय होत नाही. लाळेबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगतो: धंद्यात यासाठी मिथाइल सेल्युलोज वापरतात, खाद्यपदार्थ घट्ट करायची पूड. ती पाण्यात व्यवस्थित फुगवली तर तार येते, घाई केली तर गोळे होतात. मुंबईच्या उकाड्यात लाइटखाली ती दहा मिनिटांत सुकून पापुद्रा धरते, म्हणून एक माणूस फक्त लाळेवर ठेवावा लागतो.

तरीही या सिनेमातलं सर्वांत सरस काम माझ्या मते प्राण्याचं नाहीच. ते बिशपचं आहे. रिप्ली कचऱ्यातून त्याचे अवशेष शोधून आणते, तारा जोडते आणि तो जागा होतो. लान्स हेन्रिकसनचा आवाज, पण चेहरा बाहुलीचा. एक बाजू चेपलेली, एक डोळा गेलेला, त्वचा लोंबलेली. संवाद बोलणारी यांत्रिक बाहुली हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत खडतर काम, कारण प्राणी कसा दिसतो हे कुणालाच माहीत नसतं पण माणूस कसा बोलतो ते सगळ्यांना माहीत असतं. इथे ओठ सगळ्या अक्षरांना नीट जुळत नाहीत आणि ते चालून जातं, कारण तो तुटलेला आहे. दोष पात्रात मुरवून टाकलाय. उरलेला डोळा किंचित भटकतो, मग रिप्लीवर स्थिर होतो. तो तिला सांगतो की मला दुरुस्त करता येईल, पण मी पूर्वीसारखा होणार नाही, त्यापेक्षा बंद कर. ती बंद करते. प्लास्टिक आणि मोटरांच्या त्या गोळ्यासाठी घसा दाटतो. ज्याला क्रीचरच्या कामात यायचंय त्यानं राणीचा अभ्यास करण्याआधी या डोक्याचा करावा.

आता कुठला कट, ते. थिएटरमध्ये लागलेला सुमारे ११५ मिनिटांचा. २००३मध्ये डीव्हीडी संचात आलेला ‘असेंब्ली कट’ सुमारे १४५ मिनिटांचा. याला दिग्दर्शकाचा कट म्हणू नका, फिंचरनं त्यात भाग घेतला नाही. जुन्या कच्च्या जोडणीवरून तो इतरांनी उभा केला. सुरुवातीला त्यातले काही संवाद नीट ऐकूही यायचे नाहीत, २०१०च्या ब्लू-रेसाठी ते नटांकडून पुन्हा बोलून घेतले. पाहायचाच तर ती आवृत्ती पाहा.

असेंब्ली कट चांगला का? एक तर सुरुवात. रिप्ली किनाऱ्यावर सापडते ते सगळं दृश्य परत आलंय. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातला डॉडनचा किनारा आहे तो. खाणीचा कचरा वर्षानुवर्षं टाकून काळा पडलेला. तिथे ग्रह बांधायची गरजच पडली नाही. दुसरं म्हणजे पॉल मॅगनचा गोलिक. छोट्या कटमध्ये हा वेडसर कैदी मध्येच गायब होतो, लांब कटमध्ये कळतं की कैद्यांनी प्राण्याला कोंडण्यात यश मिळवलं होतं आणि भक्तीच्या भरात गोलिकनंच त्याला सोडवलं. अख्ख्या मधल्या भागाला यानं कणा येतो. वॉर्डच्या मठातलं जे काही सेटच्या भिंतीत उरलं होतं, ते इथे एकदा तरी कामाला येतं.

पण एका बाबतीत मी थिएटर कटच्या बाजूनं आहे: प्राण्याचा जन्म. हा प्राणी दुसऱ्या जिवाच्या अंगात वाढतो आणि त्याला फाडून बाहेर येतो. मूळ चित्रणात तो मेलेल्या बैलातून येतो आणि असेंब्ली कटमध्ये तेच आहे. पुढे फेरचित्रणात बैलाऐवजी स्पाइक नावाचं रॉटवायलर कुत्रं आलं. एकीकडे न्यूट आणि हिक्सच्या देहांना भट्टीत निरोप, डिलनचं प्रवचन, दुसरीकडे अंधारात कुत्र्याची तडफड, आणि एलियट गोल्डेन्थालचं संगीत दोन्हीला एकाच दोरीत ओवतं. आलटून पालटून कापण्याची ही रचना दोन्ही कटमध्ये आहे, पण मेलेल्या बैलाला वेदना नाही. कुत्र्याला आहे. शिवाय प्राण्याची चाल कुत्र्यासारखी का, हे न सांगता कळतं. जन्मलेल्या पिल्लाच्या बाहुलीला टीमनं ‘बाम्बी’ म्हणून नाव पाडलं होतं, लटपटत्या पायांवर उभं राहणारं म्हणून.

घरी बघताना एवढं करा. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग आधी बंद करा. ते मधल्या फ्रेम स्वतःच्या मनानं तयार करतं आणि बाहुलीच्या हालचालीतला खरखरीतपणा पुसून तिला खेळणं करून टाकतं, वर कडेभोवती आणखी एक लकाकी आणतं. ब्राइटनेसही वाढवू नका. छायाचित्रणाला जॉर्डन क्रोनेनवेथनं सुरुवात केली, आजारपणामुळे त्याला सोडावं लागलं आणि अलेक्स थॉमसननं पुढे नेलं. अंधार कुठे किती ठेवायचा हे ठरवून ठेवलेलं आहे. बाहुलीचे काही शॉट त्या अंधारावरच उभे आहेत. फार स्वच्छ प्रिंटमध्ये कड जास्त दिसते, त्याला इलाज नाही.

“आता पुन्हा सगळे प्रॅक्टिकलकडे (सेटवर प्रत्यक्ष बनवलेल्या इफेक्ट्सकडे) वळतायत” असं वाचून ज्यांना आनंद होतो त्यांच्यासाठी एक जोडपत्र. याच गिलिस आणि वुडरफनी पुढे २०११मधल्या ‘द थिंग’साठी पुष्कळ यांत्रिक प्राणी बांधले. सेटवर ते चालले, चित्रित झाले, आणि प्रदर्शित सिनेमात त्यांच्यावर बहुतांशी संगणकाचा थर चढला. गिलिसनं मग लोकवर्गणी जमवून स्वतःचा ‘हार्बिंजर डाउन’ काढला, तो २०१५मध्ये आला. त्या सिनेमाची पटकथा यथातथाच आहे हेही सांगून टाकतो, कारण बाहुल्या चांगल्या म्हणून सिनेमा चांगला होत नाही. उलट बाजूनंही तेच, आणि ‘एलियन ३’ला लोकांनी जो हिशोब लावला त्यात नेमकी ही गल्लत झाली: पटकथेवरचा राग बाहुलीवर निघाला.

शेवटाबद्दल दोन्ही कटमध्ये फरक आहे, तो मुद्दाम पाहा. रिप्लीच्या पोटात राणीचा गर्भ आहे, ती जिच्या नोकरीत होती त्या कंपनीला तो हवाय, आणि ती हात पसरून मागे भट्टीत पडते. थिएटर कटमध्ये पडता पडता तिच्या छातीतून पिल्लू बाहेर येतं आणि ती ते दोन्ही हातांनी धरून ठेवते. असेंब्ली कटमध्ये ते येत नाही, ती फक्त पडते. पिल्लू म्हणून ती बाहुली सुबक आहे, रंगकाम झकास आहे, कुणाच्या तरी किती रात्री तिच्यात गेल्या असतील ते मला दिसतं. मी एडिटरच्या शेजारी बसलो असतो तर तो शॉट काढून टाक म्हणालो असतो.